रानातली विद्या : कुणाची मोळी, कुणाची मोहीम?

अलीकडे शहरी मध्यमवर्गात ‘बुशक्राफ्ट’ नावाचा एक छंद रुजू लागला आहे. चकमकीवर आग पेटविणे, भिजलेल्या लाकडाचा कोरडा गाभा काढणे, सालीपासून दोर वळणे, पाण्याचा झरा शोधणे, खाण्याजोगा पाला आणि विषारी पाला वेगळा ओळखणे, उघड्यावर रात्र काढणे, या सगळ्या कौशल्यांना मिळून हे नाव आहे. त्याची शिबिरे भरतात, शुल्क घेतले जाते, प्रमाणपत्रे वाटली जातात. या शिबिरांत स्त्रिया कमी का दिसतात, यावर चर्चाही झडते. चर्चेला आमचा विरोध नाही. आमचा आक्षेप आहे तो ती जिथून सुरू होते त्या गृहीतकाला. स्त्रीला जंगल ठाऊक नाही, ते तिला दाखवावे लागेल, असे धरून ती चर्चा सुरू होते. आमचा साधा प्रश्न आहे, कोणत्या स्त्रीला?

मुळात हा शब्दच तपासून पाहण्यासारखा आहे. ‘बुश’ म्हणजे ऑस्ट्रेलियातील आणि दक्षिण आफ्रिकेतील रान. तिथे वसाहत करायला गेलेल्या गोऱ्यांना त्या रानात तग धरता येईना. तिथल्या मूळनिवासींकडे हजारो वर्षांची विद्या होती. त्यांच्याकडे पाहून ती उचलली गेली, तिला इंग्रजी नाव मिळाले, तिच्यावर पुस्तके निघाली आणि पुढे तिचे वर्ग भरू लागले. ज्यांची विद्या होती ते मात्र ‘रानटी’ ठरले. आपल्या देशात यापेक्षा वेगळे काही घडले असेल असे समजण्याचे कारण नाही. येथे तर हे काम करायला जातिव्यवस्था आधीपासूनच तयार होती.

रायगड, ठाणे, पालघरच्या डोंगरांतील कातकरी बाई घ्या. पहिल्या पावसानंतर उगवणारे शेवळे कोणत्या उतारावर मिळेल, हे तिला पाठ असते. शेवळाची भाजी काकडाच्या आंबट फळांशिवाय केली तर घशाला खाज सुटते, हेही तिला कुणी वर्गात शिकविलेले नसते. कडूकंद तसाच खाल्ला तर अपाय करतो. त्याच्या चकत्या वाहत्या पाण्यात ठेवून, पुन्हा पुन्हा उकडून तो खाण्याजोगा करायचा असतो. ही रसायनशास्त्राचीच क्रिया आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडची बाई मार्च-एप्रिलमध्ये अंधार असतानाच मोह वेचायला निघते, कारण फूल पहाटे गळते आणि उशीर झाला तर ते जनावरांच्या तोंडी जाते. मे महिन्यात ती तेंदूची पाने तोडून त्यांची पुडकी बांधते. पळसाच्या मुळीचा तंतू कुटून दोर करणे, पानांचे द्रोण लावणे, भर पावसात चूल पेटती ठेवणे, वाऱ्याच्या वासावरून आणि माकडांच्या ओरडण्यावरून जनावराची चाहूल घेणे, ही सगळी तिची रोजची कामे आहेत. शिबिरात दोन दिवसांत ज्याची तोंडओळख होते, ते ती जन्मभर करीत असते.

आता या विद्येला आपल्या समाजाने काय नाव दिले आहे ते पाहा. शहरी तरुणाने काटक्या गोळा करून आग पेटविली तर ते ‘साहस’. आपल्या मायमाउलीने त्याच काटक्यांची मोळी डोक्यावर घेतली तर ती ‘मोलमजुरी’. आणि मोळी राखीव जंगलातली असेल तर ‘चोरी’. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ ने राखीव वनात शिरणे, गुरे चारणे, वनोपज नेणे हे गुन्हे ठरविले. त्याआधी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने रानावनांत फिरणाऱ्या आख्ख्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला गेला, पण पोलिसांच्या आणि गावाच्या मनातून नाही. पारध्याला जनावराचा माग जितका कळतो तितका क्वचितच कुणाला कळत असेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, ते आवश्यकच होते. पण त्या ज्ञानाला दुसरे सन्मानाचे काम देण्याची जबाबदारी कुणीच घेतली नाही. पारधी बाई आजही पाल ठोकते तिथून उठविली जाते, आणि पाल ठोकण्याची तीच कला शिबिरात पैसे देऊन शिकली जाते.

जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. आम्ही त्याला एवढेच जोडू की, त्याच व्यवस्थेने ज्ञान आणि श्रम यांचीही फाळणी केली. जे पोथीत लिहिले गेले ते ज्ञान. जे हाताने केले जाते ते काम. आणि ते हात स्त्रीचे, त्यातही दलित, आदिवासी, भटक्या स्त्रीचे असतील तर त्याला काम म्हणायलाही ही व्यवस्था तयार नसते.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. काही विद्वान मंडळींना जंगलातल्या बाईचे काव्य सुचते. निसर्गाच्या कुशीत ती किती सुखी आहे, असे ते लिहितात. आम्हाला हे काव्य मान्य नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यांची जी चिरफाड केली, ती जंगलाच्या गोडव्यांनाही लागू आहे. मोळी वाहणाऱ्या बाईची मान आणि कंबर दुखते. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. त्याआधी २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोब्यात व्याघ्रगणनेसाठी पायी फिरत असलेली एक महिला वनरक्षक कर्तव्यावर असताना वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावली. या स्त्रियांना जंगल कळत नव्हते असे कोण म्हणेल? जंगल कळते म्हणून वाघ टळतो असे नाही. ज्या बाईला चार पैशांसाठी वाघाच्या वाटेवर जावेच लागते, तिच्या कौशल्याचे कौतुक करून आपली सुटका होणार नाही.

म्हणून आमची कसोटी स्वातंत्र्याची आहे. जंगलात जाणे ही सक्ती असेल तर ती गुलामी, निवड असेल तर स्वातंत्र्य. आजीला जंगलात जावेच लागते आणि नातीला जाऊच दिले जात नाही, या दोन्ही एकाच अन्यायाच्या बाजू आहेत. आजीच्या बाबतीत तिच्या विद्येला हक्काचे रूप द्यायचे आहे, आणि नातीच्या बाबतीत तिच्या पायातली बेडी काढायची आहे. चळवळीने या दोन्ही गोष्टी एकदम हाती घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट कायद्याची. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ या कायद्याने ऐतिहासिक अन्याय झाल्याचे स्वतःच कबूल केले आहे. या कायद्याखाली बांबू, काटक्या, मध, मेण, लाख, तेंदूपत्ता, औषधी वनस्पती, मुळे, कंद हे गौण वनोपज आहे. जे पूर्वापार गोळा केले जाते त्यावर वननिवासींची मालकी आहे. ते वेचण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क त्यांना आहे. जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक बौद्धिक संपदेचा हक्कही कलम ३ मध्ये नोंदलेला आहे. वैयक्तिक पट्टा विवाहितांच्या बाबतीत पती-पत्नी दोघांच्या नावे संयुक्तपणे द्यावा, असे कलम ४ सांगते. नियमांप्रमाणे १० ते १५ सदस्यांच्या वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत. २०१२ च्या दुरुस्तीनुसार ग्रामसभेची गणपूर्ती निम्म्या सदस्यांची आहे आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया नसतील तर ती गणपूर्ती होत नाही. म्हणजे बायांना बाहेर ठेवून केलेला ठराव कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये त्या गावाने आपला बांबू आपण विकला. कायदा कागदावरून जमिनीवर येऊ शकतो, याचा हा पुरावा आहे.

हा कायदा फक्त आदिवासींचा आहे, आपला त्याच्याशी संबंध काय, असे आपले अनेक कार्यकर्ते विचारतात. त्यांच्यासाठी हे स्पष्ट करणे आम्हाला भाग आहे. पूर्व विदर्भात जंगलाच्या काठाला राहणारी आपली बौद्ध वस्ती काही कमी नाही. ती ‘इतर पारंपरिक वननिवासी’ या वर्गात येऊ शकते. त्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तेथे राहत असल्याचे आणि उपजीविकेसाठी जंगलावर अवलंबून असल्याचे दाखवावे लागते. ही अट रहिवासाची व अवलंबित्वाची आहे. जमिनीचा नेमका तोच तुकडा ७५ वर्षे ताब्यात असण्याची नाही. तरीही तशी चुकीची समजूत पसरविली जाते आणि आपले लोक दावाच दाखल करीत नाहीत.

आता ७५ वर्षांपूर्वीचा कागद गावकुसाबाहेरच्या माणसाने कुठून आणायचा? ज्याला जमीन नव्हती त्याच्या नावे सातबारा कसा असेल? कायदा करणाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती. म्हणून नियम १३ मध्ये पुराव्यांची जी यादी आहे तिच्यात सरकारी कागदपत्रांबरोबर घरे, विहिरी, दफनभूमी अशा खुणा आहेत आणि दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले जबाबही आहेत. वाचकहो, येथे आपल्या आजीची विद्या न्यायाच्या कामी येते. कोणत्या नाल्याकाठी मोहाची कोणती झाडे कोणत्या वस्तीने वेचायची, डिंक कोणत्या टेकडीवर मिळायचा, दुष्काळात कोणत्या झऱ्याला पाणी टिकले, मोळी घेऊन येण्याची पायवाट कोणती, हे सारे ती सांगू शकते. शेजारच्या दाव्यासाठी तिचा जबाब तारीख घालून लिहून घेतला, तिने सांगितलेल्या जागा नकाशावर उतरविल्या, तर ती केवळ आठवण राहत नाही. तो पुरावा होतो. मात्र एकट्या जबाबावर विसंबू नये. एकाहून अधिक प्रकारचे पुरावे जोडावेत, कारण नियमालाच ते अपेक्षित आहे.

वकिली करताना आम्ही काय पाहतो? दाव्याच्या फाइलमध्ये बाईचा अंगठा असतो, पण जबाब नवऱ्याचा किंवा दिराचा असतो. समितीत तिचे नाव असते आणि सभेत ती दाराशी बसलेली असते. जंगलात रोज जाते ती, आणि जंगलाविषयी बोलतो तो. मग सीमेच्या तपासणीत चार प्रश्न विचारले की बोलणारा गडबडतो आणि दावा फेटाळला जातो. ज्याला ठाऊक आहे त्यालाच बोलू द्यावे, हा पुराव्याच्या कायद्याचा साधा नियम आहे. तो आपण आपल्याच घरातील बाईला लावत नाही.

याच अंगाने आणखी एका कायद्याकडे लक्ष वेधले पाहिजे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याचे तत्त्व असे की, जैविक संपत्ती आणि तिच्याविषयीचे ज्ञान वापरून कुणी नफा कमाविला तर स्थानिकांना त्यात वाटा मिळावा. २०२३ च्या दुरुस्तीने ‘संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान’ वापरणाऱ्यांना या बंधनातून सूट दिली. संहिताबद्ध म्हणजे ग्रंथात लिहिलेले. प्रश्न असा की, ग्रंथात ते आले कुठून? औषधी मुळी रानातून खणून आणणारे हात ग्रंथकाराचे खचितच नव्हते. जे बाईच्या तोंडून ऐकले ते पोथीत लिहिले, आणि पोथीत आले म्हणून आता बाईला वाटा देण्याची गरज उरली नाही! केरळमधील काणी जमातीच्या लक्ष्मीकुट्टी यांना वनौषधींच्या ज्ञानासाठी २०१८ मध्ये आणि आपल्या अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्याचा आम्हाला आनंद आहे. पण एकीला पदक आणि लाखोंना मोळी, हा हिशेब पुरा झाला असे आम्ही मानणार नाही.

आता नातीकडे वळू. २५ मे २०१४ रोजी तेलंगणातील मालावत पूर्णा ही शेतमजुरांची लेक एव्हरेस्टच्या शिखरावर उभी राहिली. तेव्हा तिला १४ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. तिच्याबरोबर आनंदकुमार हा दलित मुलगा होता. दोघेही सरकारी समाजकल्याण निवासी शाळांचे विद्यार्थी. भोंगीरच्या खडकावर त्यांचा सराव सुरू झाला, पुढे दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था, लडाखची थंडी आणि मग एव्हरेस्ट. २०२२ पर्यंत पूर्णाने सातही खंडांची सर्वोच्च शिखरे सर केली. मे २०१८ मध्ये आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले, त्यात मनीषा धुर्वे ही मुलगी होती. १९८४ साली एव्हरेस्टवर जाणारी पहिली भारतीय स्त्री बचेंद्री पाल हीसुद्धा उत्तरकाशीजवळच्या एका खेड्यातल्या गरीब घरची होती. या मुलींना आधी कुणी ‘साहसी’ म्हणाले नव्हते. त्यांना संधी मिळाली, प्रशिक्षण मिळाले, बूट आणि दोर मिळाले. जे कमी होते ते एवढेच होते.

मग आपल्या वस्त्यांतल्या मुली का मागे राहतात? शासन आणि पैसा हे कारण आहेच. पण सगळा दोष शासनावर टाकून चालणार नाही. शाळेची सहल किल्ल्यावर निघाली की मुलाला पैसे मिळतात आणि मुलीला कारणे मिळतात. ऊन लागेल, रंग काळा पडेल, रात्र बाहेर काढावी लागेल, लोक काय म्हणतील, लग्न जमणार नाही. मनुस्मृतीने स्त्रीला कोणत्याही वयात स्वतंत्र राहू दिले नाही. ती मनुस्मृती आपण २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली, मग तिची राख अजून आपल्या उंबरठ्यावर का पडली आहे?

सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे, तो आम्ही झटकत नाही. पण धोका कुठे असतो ते नीट पाहू. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात मथुरा नावाने ओळखल्या गेलेल्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला तो जंगलात नाही, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडले, देशभरातील स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. मुलीला घरात कोंडून तो बदल झाला नाही. स्त्रिया बाहेर पडल्या म्हणून झाला.

आपल्या धम्माच्या परंपरेतही हा प्रश्न आलेला आहे. थेरीगाथेतील चित्ता थेरी आजारी आणि अशक्त असताना काठी टेकत गृध्रकूट पर्वत चढून जाते. दंतिका थेरी त्याच पर्वतावर ध्यानाला बसते. अडीच हजार वर्षांपूर्वी डोंगरावर एकटी जाणारी स्त्री हा आपला वारसा आहे. पुढे अरण्यात भिक्खुणीवर अत्याचार झाला, तेव्हा भिक्खुणींनी अरण्यात राहू नये असा नियम विनयात आला. राज्याचा कायदा स्त्रीचे रक्षण करू शकत नव्हता त्या काळातला तो संरक्षणाचा उपाय होता. आज आपल्याजवळ संविधान आहे. अनुच्छेद १९ प्रत्येक नागरिकाला देशात सर्वत्र मुक्तपणे संचार करण्याचे स्वातंत्र्य देतो आणि त्यात पुरुष नागरिक असा शब्द नाही. म्हणून आता मुलीला आत ठेवण्याऐवजी वाट सुरक्षित करण्याची जबाबदारी राज्याची आणि समाजाची आहे.

याच महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची ओळख सांगणारा पेहराव टाकण्यास सांगितले आणि त्या माउल्यांनी ते तिथल्या तिथे अमलात आणले. तेव्हा लुगडे नेसण्याची पद्धत बदलणे ही क्रांती होती. आज मुलीने ट्रॅकसूट घालणे, पायात मजबूत बूट घालणे, पाठीवर पिशवी टाकून डोंगर चढणे हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याचे माप त्यांनीच आपल्या हाती दिले. ते माप डोंगरावरही लावून पाहू.

काय करता येईल? अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलींच्या शासकीय निवासी शाळांत पदभ्रमण, प्रस्तरारोहण, पोहणे, नकाशा वाचणे, प्रथमोपचार यांचे प्रशिक्षण सुरू करावे; त्यासाठी अनुसूचित जातींसाठीच्या विकास निधीतून तरतूद करावी, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. तेलंगणाने जे केले ते फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्राला जमू नये काय? वनपर्यटनात वाटाड्याचे काम स्थानिक स्त्रियांना योग्य मोबदल्याने मिळावे. जंगलविद्येच्या शिबिरांत कातकरी, गोंड, पारधी बाईला स्वयंपाकाला न बोलावता शिक्षिका म्हणून मानधन देऊन बोलवावे. आपल्या विहारांतून वर्षातून एकदा तरी मुलींची सहल लेण्यांवर न्यावी. कार्ले, भाजे, जुन्नर, कान्हेरीच्या डोंगरांत आपला इतिहास कोरलेला आहे. तो पायी चढून पाहावा. आणि जंगलकाठच्या प्रत्येक वस्तीत या उन्हाळ्यापासूनच म्हाताऱ्या बायांचे जबाब लिहून घेण्याचे काम तरुण मुलींनी हाती घ्यावे. आजी सांगेल, नात लिहील. आजीला आपल्या विद्येची किंमत कळेल आणि नातीला जंगल कळेल.

आम्ही घाई करायला सांगतो त्याला कारण आहे. ७५ वर्षांपूर्वीचे सांगू शकणाऱ्या म्हाताऱ्या दरवर्षी कमी होत आहेत. त्यांच्याबरोबर झऱ्याचे नाव जाते, झाडाची खूण जाते आणि एक दाव्याचा पुरावाही जातो. तो गेल्यावर कोणतेही न्यायालय परत आणून देऊ शकणार नाही.

जय भीम!